सुई पोलादाची, तरी सोनोग्राफीत हरवते कशी?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘यूएसजी गायडेड’, म्हणजे सोनोग्राफी बघत केलेलं, असे दोन शब्द दिसले की आपण निर्धास्त होतो. यकृतातल्या गाठीचा तुकडा काढायचा असो, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची असो, की शस्त्रक्रियेआधी हाताचा मज्जातंतू बधिर करायचा असो, सोनोग्राफी चालू आहे म्हणजे डॉक्टरांना आतलं सगळं दिसतंय आणि सुईही दिसतेय, असं आपण धरून चालतो. यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं नेहमी खरं नसतं. गाठ दिसते, शीर दिसते, आणि स्वतःच्या हाताने आत घातलेली सुई मात्र मधूनच स्क्रीनवरून गायब होते. सोनोग्राफी बघत सुई चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, ते हसून मान डोलावतील.

पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. मऊ मांसात घुसलेली पोलादी वस्तू तर सगळ्यात आधी दिसायला हवी. ती का दिसत नाही आणि ती दिसावी म्हणून काय काय केलं जातं, ते पाहू.

चित्र बनतं ते परत आलेल्या आवाजातून

त्वचेवर जेल लावून जो दांडा फिरवतात तो प्रोब. त्याच्या तोंडाशी खास पदार्थाच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. वीज दिली की या पट्ट्या थरथरतात, आणि उलट त्यांना कुणी थरथरवलं की वीज तयार करतात. जाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुणधर्म काही स्फटिकांत दाखवून दिला होता. या पट्ट्या आवाजाचे झटके शरीरात सोडतात. माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. सोनोग्राफीचा आवाज साधारण २० लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो.

झटका आत जातो, कुठेतरी आपटतो, प्रतिध्वनी परत येतो. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं यंत्र गृहीत धरतं आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून खोली काढतं. तीन सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा साधारण २५ हजारावा भाग लागतो. प्रतिध्वनी जितका जोरदार, तितका तो ठिपका स्क्रीनवर पांढरा.

आवाज परत फिरतो तो दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून. आवाजाला पुढे जाऊ देण्याबाबत प्रत्येक पदार्थाचा एक स्वभाव असतो, त्याला ध्वनिरोध म्हणू. शेजारच्या दोन पदार्थांच्या ध्वनिरोधात जितका फरक, तितका प्रतिध्वनी मोठा. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून जेमतेम एक टक्का ऊर्जा परत येते, आणि एवढ्यावर आपलं चित्र बनतं. मांस आणि पोलाद यांच्या सीमेवर आवाज समोरून सरळ आदळला, तर ८५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत फिरते.

म्हणजे आवाज परतवण्यात सुई कमी पडत नाही. उलट ती आवाज फार सरळसोट परतवते, आणि घोळ तिथेच आहे.

टॉर्च आणि आरसा

अंधाऱ्या खोलीत हातात टॉर्च धरून उभे आहात आणि समोर आरसा आहे अशी कल्पना करा. आरसा अगदी समोरासमोर असेल, तर उजेड थेट डोळ्यांत येतो. तोच आरसा थोडा तिरपा केला की उजेड दुसऱ्याच भिंतीवर जातो आणि तुम्हाला आरशाच्या जागी अंधारच दिसतो. शेजारची खडबडीत भिंत मात्र कुठूनही टॉर्च मारला तरी थोडीफार दिसते, कारण ती उजेड सगळीकडे विखुरते.

शरीरातलं मांस हे त्या भिंतीसारखं. सुई म्हणजे आरसा. सेकंदाला एक कोटी कंपनांच्या आवाजाची एक लाट ०.१५ मिलिमीटर लांबीची असते. गुळगुळीत सुईवरचे बारीकसारीक ओरखडे त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे आवाजाच्या लेखी ती चकचकीत आरसाच ठरते.

आता हिशेब करू. प्रोब त्वचेवर सपाट टेकवलाय, आवाज सरळ खाली जातोय. सुई त्वचेला समांतर असेल, तर आवाज सरळ वर परत येईल. सुई १० अंश तिरपी असेल, तर आवाज २० अंश बाजूला जाईल, कारण आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. सुई ४५ अंशांत असेल, तर आवाज ९० अंश वळून शरीरात आडवा निघून जाईल. प्रोब वर वाट बघत बसतो आणि सुईवरून उरलासुरला जो थोडा आवाज विखुरतो, तेवढाच त्याच्या वाट्याला येतो.

म्हणून वरवरचं लक्ष्य सोपं आणि खोलवरचं अवघड. त्वचेखाली एक सेंटिमीटरवर असलेल्या शिरेकडे तीन सेंटिमीटर अंतरावरून जायचं, तर सुई १८ अंशांच्या आसपास तिरपी राहते आणि छान दिसते. लक्ष्य पाच सेंटिमीटर खोल असेल आणि सुई दोनच सेंटिमीटर अंतरावरून घातली, तर ती जवळपास ७० अंशांत उभी जाते. मग सुई लांबून का घालत नाहीत? घालतात. पण तितकाच मांसातला मार्ग वाढतो आणि वाटेत काय काय आहे हा प्रश्न येतो. त्यातच खोलीबरोबर आवाज क्षीण होतो. मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला, दर दहा लाख कंपनांमागे, सुमारे अर्धा डेसिबल घट होते. एक कोटी कंपनांचा आवाज पाच सेंटिमीटर जाऊन परत येईपर्यंत ५० डेसिबल, म्हणजे मूळच्या एक लाखांश उरतो. कमी कंपनांचा आवाज खोल पोचतो, पण त्याचं चित्र भरड असतं.

दिसतेय ती सुई, पण टोक?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा मुद्दा इथे आहे. सुई दिसणं आणि सुईचं टोक दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इजा करतं ते टोक. औषध बाहेर पडतं ते टोकातून किंवा त्याच्या अगदी जवळून.

सोनोग्राफीचं चित्र पूर्ण शरीराचं नसतं, एका उभ्या पातळ कापाचं असतं. त्या कापाची जाडी जिथे सगळ्यात कमी असते तिथेही ती मिलिमीटरच्या घरात असते, वरखाली ती वाढते. नेहमी वापरली जाणारी २२ गेजची सुई बाहेरून ०.७ मिलिमीटर जाडीची असते. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नवख्याला उलटंच वाटतं.) म्हणजे मिलिमीटरभर जाडीच्या कापात त्याहून बारीक सुई अख्खी बसवायची आहे.

पाच सेंटिमीटर सुई आत आहे आणि ती कापापासून फक्त तीन अंश बाजूला वळली आहे असं समजा. टोकाशी पोचेपर्यंत हा फरक अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त होतो, म्हणजे टोक कापाच्या बाहेर गेलेलं असतं. स्क्रीनवर मात्र सुईचा अलीकडचा भाग स्वच्छ पांढरी रेघ म्हणून दिसतो आणि ती रेघ एका ठिकाणी संपते. बघणाऱ्याला वाटतं, हेच टोक. प्रत्यक्षात टोक आणखी पुढे, चित्रात नसलेल्या जागी असतं. सुई अजिबात दिसली नाही तर माणूस सावध होतो. अर्धी दिसली तर फसतो.

वर सांगितलेली पद्धत सुई कापाच्या रेषेतून नेण्याची झाली. दुसऱ्या पद्धतीत सुई कापाला आडवी छेदते आणि स्क्रीनवर रेघेऐवजी एक ठिपका दिसतो. शिरेत नळी घालताना ही पद्धत बरीच वापरतात, कारण शीर आणि शेजारची धमनी दोन्ही एकाच चित्रात दिसतात. पण ठिपका टोकाचाही असू शकतो आणि दांड्याच्या कुठल्याही भागाचाही, दोन्ही सारखेच दिसतात. यावरचा उपाय म्हणजे प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा होऊ द्यायचा, मग सुई तो परत दिसेपर्यंतच पुढे न्यायची, आणि पुन्हा प्रोब सरकवायचा. काम संथ होतं, पण टोक हातचं सुटत नाही.

हाताचे उपाय

यंत्रांच्या आधी हाताच्या उपायांबद्दल बोलायला हवं, कारण त्यांना पैसे पडत नाहीत आणि ते कुठल्याही यंत्रावर चालतात. पहिला नियम: सुई हरवली की सुई थांबवायची आणि प्रोब हलवायचा. नवशिक्याचा हात नेमका उलटं करतो. तो सुई शोधण्यासाठी सुईच पुढे ढकलतो. प्रोबही एका वेळी एकाच प्रकारे हलवायचा: आधी सरकवून बघायचं, मग फिरवून, मग कलवून. तिन्ही एकदम केलं तर कशामुळे काय बदललं तेच कळत नाही.

प्रोबची एक कड जरा जास्त दाबून तो सुईकडे कलवला की दोघांमधला कोन कमी होतो. आरसा वळवता येत नाही तर टॉर्च वळवायचा, एवढंच. सुईच्या टोकाचा तिरपा कापलेला भाग प्रोबच्या दिशेला ठेवला तर टोकावरून आवाज जास्त विखुरतो आणि ते उठून दिसतं. सुई जागच्या जागी अगदी हलकेच हलवली तर ती स्वतः नाही, तरी आजूबाजूचं मांस हललेलं दिसतं. आणि अर्धा ते एक मिलिलिटर द्रव सोडला तर टोकाशी एक काळं तळं उमटतं, कारण शुद्ध द्रवात प्रतिध्वनी द्यायला काही नसतं. मात्र सिरिंजमधली हवा आधी नीट काढावी लागते. हवेचे बुडबुडे आवाज पूर्ण अडवतात आणि पुढचं सगळं चित्र झाकून टाकतात.

इथे एक खोच आहे. मज्जातंतू आणि स्नायूंचे कंडरेही कोनाच्या बाबतीत नखरेल असतात. प्रोब थोडा कलला की त्यांची चमक जाते. म्हणून ज्या कोनात सुई उत्तम दिसते त्या कोनात मज्जातंतू फिका पडू शकतो, आणि दोन्हींमध्ये तडजोड करावी लागते.

मग सुईच खडबडीत का बनवत नाहीत?

बनवतात. सुईच्या टोकाकडच्या भागावर सूक्ष्म खळगे किंवा खाचा कोरलेल्या सुया बाजारात आहेत. काहींवरचे खळगे कोपऱ्याच्या आकाराचे असतात, आणि रस्त्याकडेच्या रिफ्लेक्टरसारखे ते आवाजाला आला तसा माघारी पाठवतात. काहींवर बारीक बुडबुडे धरून ठेवणारा लेप असतो. उभ्या, तिरप्या कोनांत अशा सुया साध्या सुयांपेक्षा ठळक दिसतात. सपाट कोनात साधी सुईच इतकी चमकते की फरक फारसा जाणवत नाही.

या सुया महाग असतात. शिवाय सुई कापाच्या बाहेर गेली असेल, तर कितीही खळगे असले तरी उपयोग नाही. जिथे आवाज पोचतच नाही तिथून तो परत कसा येणार? आणि जाड सुई घेतली तर दिसते जास्त, पण इजाही जास्त करते. त्यामुळे ‘मोठी वापरा’ हे उत्तर फार दूर जात नाही.

यंत्राकडून काय मदत होते

प्रोबमधल्या पट्ट्या एकदम न वाजवता अगदी सूक्ष्म अंतराने एकापाठोपाठ वाजवल्या, तर आवाजाचा झोत सरळ न जाता तिरका जातो. प्रोब न हलवता टॉर्च वळवण्यासारखं आहे हे. आजच्या बऱ्याच यंत्रांत सुईसाठी वेगळं बटण असतं. ते दाबलं की यंत्र काही झोत २०-३० अंशांत तिरके सोडतं, त्यातली चमकदार रेघ उचलतं आणि नेहमीच्या चित्रावर बसवतं. सुई अचानक लख्ख उमटते, आणि पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

पण तिरका झोत चित्राच्या एका भागातच पोचतो, त्याबाहेर सुई पुन्हा फिकी. त्याच कोनात पसरलेले मांसाचे पापुद्रेही उजळतात आणि सुईची बतावणी करतात. पोटासाठी वापरतात त्या गोलाकार तोंडाच्या प्रोबमध्ये ही सोय सपाट प्रोबइतकी सहज जमत नाही, आणि खोल लक्ष्यांसाठी तर तोच प्रोब लागतो.

प्रोबला सुईचा मार्गदर्शक बसवण्याची युक्ती जुनी आहे. १९७२ मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी मधोमध भोक असलेल्या प्रोबचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. सुई त्या भोकातून आत जायची. आता प्रोबला बाजूने खोबण लावतात आणि सुई ठरलेल्या रेषेतच जाते. बायोप्सीसाठी हे सोयीचं. मात्र वाट मध्येच बदलायची असेल तर खोबण आड येते, आणि बारीक सुई आत वाकली तर तीही ठरलेली रेषा सोडते.

मला जास्त आशा वाटते ती टोकाचाच ठावठिकाणा सांगणाऱ्या तंत्रांकडून. यातल्या एका प्रकारात सुईच्या टोकाजवळ आवाज टिपणारा सूक्ष्म संवेदक असतो. प्रोबने सोडलेला आवाज परत येण्याची वाट न बघता तो तिथल्या तिथे ऐकतो. आवाज किती वेळात पोचला यावरून खोली कळते, कुठल्या झोतात सर्वात जोरात ऐकू आला यावरून जागा कळते, आणि टोक कापाच्या बाहेर जाऊ लागलं की आवाज मंदावतो. इथे आरशाचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने सुईची जागा काढतात. तिथे आसपासच्या धातूंचा अडथळा होऊ शकतो. शिवाय संवेदक टोकात नसून मागच्या बाजूला असेल, तर यंत्र सुई सरळ आहे असं धरून टोकाचा अंदाज करतं.

एआय हे काम करून टाकेल का?

चित्रातली सुई ओळखून ती रंगवून दाखवणाऱ्या संगणक प्रणालींवर भरपूर काम चालू आहे, आणि फिकी रेघ शोधण्यात त्या थकत नाहीत हे खरं. माझी शंका वेगळी आहे. टोक कापात नसेल, तर त्या चित्रात टोकाची माहितीच नसते. मग प्रणाली अंदाज करणार, आणि तो अंदाज खऱ्या सुईइतकाच ठळक रंगात दाखवणार. ‘मला टोक दिसत नाही’ असं स्पष्ट सांगणारी प्रणाली मला जास्त विश्वासार्ह वाटेल.

पूर्वी सोनोग्राफीशिवाय करायचेच की!

हो, हाडांच्या खुणा आणि धमनीचा ठोका चाचपून करायचे. पण प्रत्येकाची रचना थोडी वेगळी असते. मानेतली शीर धमनीच्या बाजूलाच असेल असं नाही, काहींमध्ये ती वर येते, काहींमध्ये फारच बारीक असते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सप्टेंबर २००२ मध्ये मानेतल्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफी वापरण्याची शिफारस केली. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णसुरक्षेवरच्या सरकारी अहवालानेही या पद्धतीला वरच्या यादीत स्थान दिलं होतं. तेव्हा सोनोग्राफी नको हा निष्कर्ष यातून निघत नाही.

मग सीटी स्कॅन का नाही? जिथे आवाज पोचत नाही, म्हणजे हवेने भरलेल्या फुप्फुसाच्या आत किंवा हाडाआड, तिथे सीटीच वापरतात. पण त्यात किरणोत्सर्ग आहे आणि रुग्णाला यंत्राकडे न्यावं लागतं. सोनोग्राफी खाटेपाशी येते आणि हलणारं चित्र त्याच क्षणी दाखवते.

‘सुई जास्त दिसली तर इजा कमी होते हे सिद्ध झालंय का?’ हा मात्र बिनतोड प्रश्न आहे. नव्या सुया आणि नवी बटणं यांची तुलना बहुतेक वेळा सरावाच्या जेलच्या ठोकळ्यात किंवा मांसाच्या तुकड्यात होते, आणि किती ठळक दिसतं याला गुण दिले जातात. रुग्णांमधल्या गंभीर इजा मुळात विरळ असल्याने त्या कमी झाल्या हे दाखवायला फार मोठ्या संख्येने रुग्ण लागतात. ठळक चित्र आणि सुरक्षित रुग्ण यांच्यामधली कडी तर्काला धरून आहे, पण दर तंत्रासाठी ती वेगळी तपासावी लागते. विक्रेता नुसता चकचकीत फोटो दाखवत असेल तर घेणाऱ्याने एवढं तरी विचारावं की कोन किती होता आणि खोली किती होती.

रुग्ण म्हणून हे माहीत असलेलं बरं

सुई आत असताना डॉक्टर थबकले, प्रोब इकडेतिकडे करू लागले, जोर देऊन दाबू लागले किंवा थोडं द्रव सोडलं, तर काही बिघडलंय असं समजू नका. टोक दिसेपर्यंत पुढे न जाणं हीच योग्य रीत आहे. त्या वेळी बोलण्यासाठी मान वळवली किंवा खांदा उचलला, तर मिलिमीटरचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. दुखलं, झिणझिण्या आल्या किंवा कळ गेली तर अंग न हलवता तोंडाने लगेच सांगा. मज्जातंतूच्या जवळ काम चालू असेल तर ही माहिती स्क्रीनवर दिसत नाही. यकृताच्या बायोप्सीत ‘श्वास घ्या, आता रोखा’ असं सांगतात, कारण साध्या श्वासाबरोबरही यकृत सेंटिमीटरभर किंवा अधिक वरखाली सरकतं आणि गाठ कापातून निघून जाते. किती वेळ रोखायचा आणि कधी सोडायचा, हे सुई आत जाण्याआधीच एकदा विचारून, जमल्यास करून बघा.